आधी त्यांच्या कामाचं काय झालं ते विचार

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

4 ऑगस्ट 2024 ला इंग्लंडमधल्या रॉदरहॅमजवळच्या हॉटेलावर, आत परदेशातून आश्रय मागायला आलेली माणसं असताना, जमाव चालून गेला. तेव्हापासून तुझ्या वर्गातली मुलं म्हणतात, गोरा कामगार मुळातच द्वेष्टा. तुलाही ते पटू लागलंय, आणि पटतंय याचाच त्रास होतोय. हल्लेखोर तुरुंगात गेले ते योग्यच झालं, त्यावर आपलं दुमत नाही. पण आधी त्यांच्या कामाचं काय झालं ते विचारलंस का?

ते हॉटेल मॅनव्हर्समध्ये आहे. 1988 पर्यंत तिथे कोळशाची खाण होती. आता गोदामं आणि कॉल सेंटर. मी त्याच भागात डॉक्टरकी केली. तपासायला येणाऱ्यांच्या हातांवर निळे वण असायचे, जखमेत कोळशाची धूळ राहून कातडीखाली कायमचे उमटलेले. 1984 च्या खाणकामगारांच्या संपात पंतप्रधान थॅचरबाईंनी याच माणसांच्या लढ्याला देशाच्या आतला शत्रू म्हटलं. पुढे टीव्हीवर त्यांच्या पोरांच्या कपड्यांची, बोलण्याची टिंगल झाली. 2016 ला रॉदरहॅमच्या जवळजवळ 68 टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला, तेव्हा सगळ्यांना त्यांचा एकदम कळवळा आला. पण तो 'गोरे' म्हणून. कामगार म्हणून त्यांना विचारतो कोण?

रंगावरून माणूस ओळखता येत असता, तर 1968 मध्ये परदेशातून येणाऱ्यांविरुद्ध भाषण करणाऱ्या खासदार इनॉक पॉवेलच्या बाजूने मोर्चा काढणाऱ्या लंडनच्या गोदी कामगारांचेच प्रतिनिधी 1977 मध्ये लंडनच्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यातल्या, जयाबेन देसाईंच्या संपाला बॅनर घेऊन आले नसते. यॉर्कशायरचे खाणकामगारही आले होते. साड्या नेसलेल्या बायकांसाठी!

'काका, तुम्ही त्यांची बाजू घेता,' हे मला ऐकवू नकोस. इथली आपली मंडळी वर्षानुवर्षं तेच ऐकवतात. रस्त्यात मला रंगावरून शिव्या देणारेही याच वस्त्यांतले होते, तरी मी मत बदललं नाही. 1982 च्या संपानंतर गिरणगावातल्या बेकार पोरांना 'मुळातच वाया गेलेली' म्हणणारे दिवाणखाने मी दादरला पाहिलेत. तिथेही मी हेच विचारायचो: आधी त्यांच्या कामाचं काय झालं?

सुट्टीत मॅनव्हर्सला जा. गोदामातली पाळी सुटताना बाहेर थांब, बोल लोकांशी. आजोबा कुठे कामाला होते, बाप कुठे होता, स्वतःला पक्की नोकरी आहे का, विचार. मग मला लिही.

तुझा,
काका