डोक्याचं दुखणं मनाच्या खात्यावर

“मॅडम, तुमीच समजावा ह्याला. एवढं शिकवलं, आन् ह्यो रग्बी खेळतोय. आता तर घरात कुणाशी नीट बोलंना झालाय.”

तासगावकडचे द्राक्षबागायतदार बोलत होते. शेजारी बावीस वर्षांचा मुलगा, खिडकीकडं पाठ करून, टोपी डोळ्यांवर ओढून. घरात त्याला सगळे दादा म्हणतात. इथंही तेच चालेल.

मी सांगलीत समुपदेशन करते. माझ्याकडं असे पालक वरचेवर येतात. कधी खेळ कबड्डी असतो, कधी कुस्ती, काळजी तीच. पोरानं सगळं खेळावर लावलंय आणि आता ते चिडकं झालंय, झोपत नाही, मन लागत नाही. खेळ सोडायला लावावा का?

दादा पुण्यातल्या एका क्लबकडून पंधरा जणांच्या रग्बीत फ्लँकर खेळतो, म्हणजे सामनाभर टॅकल करत, समोरच्याला भिडून पाडत सुटायचं. पोटापाण्यासाठी एका शाळेत मुलांना रग्बी शिकवतो. डोळा लीगवर. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग पहिल्यांदा झाली. सहा संघ, सात-सात जणांचा खेळ, दोन आठवड्यांत सगळं आटोपलं. उरलेले पन्नास आठवडे खायचं काय, हा वडिलांचा प्रश्न चुकीचा नव्हता. खुद्द रग्बी युनियन, म्हणजे रग्बीचा हाच प्रकार, १९९५ पर्यंत अधिकृतरीत्या हौशी खेळ होता. खेळाडूंना उघडपणे पैसे मिळायला लागले ते त्यानंतर.

मग मीही त्याच वाटेनं गेले. दोन बैठका करिअरवर घालवल्या. बी.पी.एड. करावं का, खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे त्याचं काय, निवडीचा ताण, श्वासाचे व्यायाम. तो नुसती मान हलवायचा. मी फाइलमध्ये ‘निवडीची चिंता’ असं लिहूनही टाकलं. ती नोंद अजून खोडलेली नाही, मुद्दाम.

तिसऱ्या वेळी त्याला एक फॉर्म भरायला दिला. एका ओळीवर बोट ठेवून तो थांबला, वर गेला, परत त्याच ओळीवर आला. मग म्हणाला, “मॅडम, ती ट्यूब बंद करता का?”

ट्यूब बंद केली आणि पहिल्यांदा कामाचा प्रश्न विचारला. “डोक्याला कधी लागलं?”

बराच वेळ गप्प. मग हळूहळू निघालं. पाच आठवड्यांपूर्वी सरावात समोरच्याचा गुडघा कानशिलावर बसला. शुद्ध गेली नाही, पण मैदान दोन मिनिटं तिरकं दिसत होतं. कुणीतरी “ऊठ, काही नाही झालं” म्हणालं, हा उठला. नऊ दिवसांनी आणखी एक दणका. तेव्हापासून डोकं जड, उजेड नको, आईनं सांगितलेलं पाच मिनिटांत विसरतो.

नियम मात्र त्याला तोंडपाठ. डोक्याला लागून मेंदू हादरल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढायचं. मोठ्या सामन्यांत १२ मिनिटं बाहेर नेऊन तपासतात. क्लबच्या पातळीवर किमान २१ दिवस सामना नाही. शाळेतल्या पोरांना हे तो स्वतः शिकवतो!

“मग?”

“निवड चाचणी होती. एकवीस दिवस बाहेर बसलो तर माझी जागा गेलीच म्हणायची.”

वडील बाहेरून आत आले, त्यांना सांगितलं. “तालमीत आमी काय कमी आपटलो? काय झालं आमाला?” मग स्टीव्ह थॉम्पसनचं सांगितलं. २००३ चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या संघातला खेळाडू. बेचाळीस वर्षांचा असताना, २०२० मध्ये, आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं त्यानं जाहीर केलं. तो विश्वचषक जिंकल्याचं त्याला आठवत नाही. एका दणक्यानं असं होत नसतं, वर्षानुवर्षं बसणाऱ्या दणक्यांकडं डॉक्टर बोट दाखवतात, हेही लगेच सांगितलं. भीती घालायला मी बसलेली नाही. वडील मात्र टोपीकडं बघत राहिले.

मिरजेला मेंदूविकारतज्ज्ञांकडं पाठवलं. स्कॅन स्वच्छ आला. आई फोनवर म्हणाली, “म्हणजे काही नाहीच की!” इथंच घोळ होतो. रक्तस्राव झाला असेल तर तो स्कॅनमध्ये दिसतो. मेंदू हादरून त्याचं काम विस्कळीत झालेलं असेल, तर ते बहुतेक वेळा दिसत नाही. चिडचिड, झोप उडणं, उजेड न सोसणं, विसरणं, सगळं त्यातच बसत होतं. आम्ही ते मनाच्या खात्यावर मांडून मोकळे झालो होतो.

म्हणून आता मैदानावरचं पोर चिडकं झालंय म्हणून कुणी आलं की भविष्याचं मी नंतर विचारते, डोक्याचं आधी. आणि लागल्यानंतर परत परत उलट्या, झटका, वाढत जाणारी डोकेदुखी, हातापायात अशक्तपणा यातलं काही दिसलं, तर माझ्याकडं येऊच नका, थेट दवाखाना गाठा.

दादाला डॉक्टरांनी पायऱ्या आखून दिल्या. आधी चालणं, मग सायकल, मग पळणं, मग कुणाच्या अंगाला न भिडता बॉलचा सराव. त्रास वाढला की एक पायरी खाली. टॅकल सगळ्यात शेवटी, तेही डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. वडिलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे छाटणीनंतर आमी पेस्ट लावून येलीचं डोळं लवकर फोडतो, तसलं काय चालायचं न्हाई.” दादा हसला. माझ्या खोलीत पहिल्यांदाच.

मागच्या आठवड्यात तो एकटाच आला, सायकलवरून, बिनटोपीचा. कोचना अजून काही सांगितलेलं नव्हतं. फोन त्यानं माझ्यासमोरच लावला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. दादा तीनदा “हो सर” म्हणाला, आणि चौथ्यांदा, “नाही सर, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाही.”