१४२ खरं की ८९?

"मॅडम, यातला खरा आकडा कुठला?"

मुलाच्या बुद्धिमत्ता चाचणीचा अहवाल टेबलावर ठेवून हा प्रश्न विचारणारे आईवडील मला वर्षातून कितीतरी वेळा भेटतात. मूल हुशार आहे हे आल्यागेल्यालाही दिसत असतं. चाचणी केलेली असते ती त्यावर शिक्का बसावा म्हणून. आणि हातात येतात काही आभाळाला टेकलेले आकडे, काही अगदीच जमिनीवरचे. मग घरात दोन तट पडतात. एकाच्या मते चाचणी चुकली, दुसऱ्याच्या मते आपणच पोरीला उगाच डोक्यावर घेतलं.

असंच एक कुटुंब. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी दहा वर्षांची. शाब्दिक आकलन १४२, तर्क १३५, आकृती आणि जागेची समज १२६, कामापुरतं डोक्यात धरून ठेवण्याची स्मृती १०८ आणि कामाचा वेग ८९. सगळं मिळून बुद्ध्यंक १२८. हुशार मुलांच्या विशेष वर्गासाठी शाळेची अट १३०ची. शैक्षणिक चाचणीत वाचलेलं समजणं १३४, गणितातली शाब्दिक उदाहरणं १२८. पण लेखन ९६ आणि झटपट आकडेमोड ९४.

वडिलांनी लेखनासमोरच्या '३९'वर बोट ठेवलं. "एकोणचाळीस टक्के! म्हणजे जेमतेम पासच की."

इथे बहुतेक जण अडखळतात, म्हणून आधी हे सांगते. ते टक्के नव्हेत, ती शततमक श्रेणी आहे. त्याच वयाची शंभर मुलं ओळीत उभी केली तर साधारण ३९ जण तिच्या मागे, असा त्याचा अर्थ. या चाचण्यांत १०० म्हणजे बरोबर मध्य, आणि सुमारे दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५च्या आत असतात. ९६ हे नापास नव्हे, चारचौघांसारखं आहे. १४२च्या वर मात्र हजारात जेमतेम तीन मुलं सापडतात. शेजारीशेजारी ठेवल्यामुळे ते ९६ केविलवाणं दिसतं, इतकंच.

"पण मग १२८ला अर्थ काय?" आईने विचारलं.

"उंची आणि चपलेचं माप यांची सरासरी काढून कुणी कपडे शिवतं का?"

दोघंही हसले, पण पटलेलं नव्हतं. ते सावकाशच पटतं. भाग एकमेकांच्या जवळपास असतील तेव्हा एकत्रित आकडा उपयोगी पडतो. १४२ आणि ८९ यांच्यात तब्बल ५३ गुणांची दरी असेल, तर मधला आकडा त्या मुलाचं वर्णन करतच नाही. म्हणून स्मृती आणि वेग बाजूला ठेवून केवळ विचारशक्तीचा एक वेगळा निर्देशांक काढता येतो. तो तिचा १३९ आला. शिवाय कुठलाही गुण हा टिंब नसतो, पट्टा असतो. तिचा १२८ म्हणजे साधारण १२२ ते १३३मधलं काहीही. दोन गुणांवरून दार लावणाऱ्या शाळांना मी हे पत्रात लिहून देते. कधी उपयोग होतो, कधी नाही.

आणखी एक गैरसमज. बुद्धी १४२ तर अभ्यासातही १४२ हवेत, असं पालक धरून चालतात. पण दोन्हींचा संबंध घट्ट असला तरी पूर्ण नसतो, त्यामुळे एका टोकाचं मूल दुसऱ्या मोजपट्टीवर मध्याकडे थोडं सरकतंच. तिच्याकडून १२५-१३० अपेक्षित धरणं रास्त, आणि वाचन-गणितात ती तिथे किंवा त्याच्या वर होतीच. प्रश्न फक्त जिथे पेन्सिल आणि घड्याळ दोन्ही होते तिथलाच होता.

शाळेचं निदान तयार होतं: "डोकं आहे, पण पाट्या टाकते."

आता माझी कबुली. पहिल्या भेटीत मीही थेट आकड्यांच्या तक्त्यावर गेले होते. शेवटचं पान वाचलं ते दुसऱ्या भेटीच्या आदल्या रात्री. तिथे चाचणी घेणाऱ्या व्यक्तीने दोन ओळी लिहिल्या होत्या: खुणा भरताना प्रत्येक खूण पूर्ण झाल्यावर वर पाहून पडताळत होती. दोनदा खोडरबर मागितलं. एकही चूक नाही.

आकडा नसलेलं ते एकमेव पान, आणि ते कुणीच वाचलं नव्हतं. वेग मोजण्यासाठीच्या, खुणा भरण्याच्या त्या कामाला दोन मिनिटं असतात, खोडरबर दिलं जात नाही आणि मोजलं जातं ते किती झालं हे.

दुसऱ्या भेटीत मी तिला विचारलं, "खोडरबर कशाला हवं होतं गं? चुकलं तर नव्हतंच."

"चुकलं असतं तर?"

"तर काय झालं असतं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "हुशार मुलांचं चुकायलाच नको ना."

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या परंपरेतली; स्वतःवर लादलेल्या हट्टी अटी शोधून त्या सैल करणारी. वाक्याच्या पोटातला 'च' ऐकला की माझे कान टवकारतात. 'यायलाच हवं', 'चुकायलाच नको'. एवढ्याशा अक्षरात माणसं स्वतःला केवढी बांधून घेतात! हा 'च' तिला कुणी रागावून दिला नव्हता. "आमची ही कधी चुकत नाही" असं कौतुकाने सांगता सांगता तो तिच्या हातात आला होता.

मी तिला म्हटलं, "पाऊस या विषयावर तू बोल, मी लिहिते." सात मिनिटांत दीड पान झालं. ढगाला ओझं कधी असह्य होतं इथून सुरुवात करून ती पृथ्वीवरचं पाणी तेवढंच फिरत राहतं इथवर पोचली. तेच ती हाताने लिहायला बसली तेव्हा सात मिनिटांत चार ओळी झाल्या, आणि त्यातली एक खोडलेली.

वडिलांना आत बोलावून दोन्ही कागद समोर ठेवले. त्यांनी दीड पान वाचलं, मग चार ओळी, मग पुन्हा दीड पान. "हे सगळं हिच्या डोक्यात असतं?"

मुलगी म्हणाली, "असतं. पण हातापर्यंत येतं तोवर पुढचं येऊन बसतं. मग मी सोप्पं काहीतरी लिहिते."

खोलीत कुणी काही बोललं नाही. मला विचाराल तर सगळा अहवाल या वाक्यात होता. वडील मान खाली घालून म्हणाले, "आणि मी रोज म्हणतो, आळशी आहेस."

पुढच्या काही भेटी तिच्या 'च'वर गेल्या. घरचा अभ्यास असा होता: रोज एक परिच्छेद लिहायचा, त्यात दोन चुका मुद्दाम ठेवायच्या आणि त्या दुरुस्त न करता वही मिटायची. पहिल्या दिवशी चुका कुठल्या करायच्या हे ठरवायलाच अर्धा तास गेला म्हणे! तीन आठवड्यांनी खोडरबर दप्तरात राहू लागलं. वेग वाढला, पण सगळा नाही. म्हणजे भीती वजा केल्यावरही हात संथ होताच. म्हणून लेखनाची वेगळी तपासणी करायला पाठवलं. हे महत्त्वाचं आहे: कमी आकड्यामागे परिपूर्णतेचा हट्ट असेल, लेखनातली खरी अडचण असेल, लक्ष टिकत नसेल, किंवा मूल त्या दिवशी नुसतं दमलेलं असेल. अफाट बुद्धी आणि शिकण्यातली अडचण एकाच मुलात सुखाने नांदू शकतात आणि एकमेकींना झाकतात. पोरगी काठावर पास होत राहते, मग कुणाला ना बुद्धी दिसते ना अडचण. दरी दिसली म्हणून लगेच निदान चिकटवू नका. पण रोजच्या दिवसात ती दरी मुलाला महाग पडत असेल तर नुसतं "होईल हळूहळू" म्हणून सोडूनही देऊ नका.

शाळेकडे आम्ही तीनच गोष्टी मागितल्या. लेखी परीक्षेला जादा वेळ, जमलेल्या गणितांची तीच ती उजळणी कमी, आणि काही उत्तरं तोंडी. विशेष वर्गाचा अर्ज १३९च्या आधारे पुन्हा केला. अवघड काम काढून घेऊ नका, हे मी दोनदा अधोरेखित केलं, कारण लेखन कच्चं म्हणून विचारही सोपे करून देण्याची खोड शाळांना असते.

शेवटच्या भेटीत तिने मला विचारलं, "तुमचा बुद्ध्यंक किती?"

"कधी मोजला नाही."

"मग तुम्हाला कसं कळतं तुम्ही हुशार आहात की नाही?"

मी उत्तर शोधू लागले. ती खुर्चीत मागे टेकून बसली आणि म्हणाली, "सावकाश सांगा. घाई नाही."