कोल्हापुरात गच्चीवरच्या कुंड्यांत कोणत्या ऋतूत काय लावावं?

कुंड्या वर्षभर भरलेल्या हव्यात ना? मग आधी पावसाचा बंदोबस्त करा. आपल्याकडं कुंडीतली झाडं उन्हापेक्षा पाण्यानंच जास्त मरतात. जूनआधी प्रत्येक कुंडी तिरकी करून तळाचं भोक काडीनं मोकळं करा आणि कुंडी विटांवर चढवा. खाली ताटली नको, डास होतात ते वेगळंच. नुसती काळी माती भरली तर चिखलाचा गोळा होतो. तिच्यात शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरपूर मिसळा. अळू, गवती चहा, दोडका, कारली या दिवसांत फार लाड न करता येतात. झेंडूचं बी जुलैत टाका. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. जिवावर येतं, पण फांद्या त्यामुळंच फुटतात आणि दसऱ्याच्या तोरणाला घरची फुलं मिळतात.

थंडीत मेथी, पालक, टोमॅटो. कोथिंबिरीसाठी धने हलके रगडून दोन फाकी करूनच पेरा. शेवंती सरळ नर्सरीतून कळ्यांसकट आणावी, बियाच्या नादी लागू नये.

मोगऱ्याची छाटणी जानेवारीअखेर करा. थोडे दिवस पाणी तोडा, मग शेणखत घालून पुन्हा सुरू करा. उन्हाळ्याच्या तोंडाला कळ्या धरतात. मार्चपासून कुंडीत उसाचं पाचट बारीक करून अंथरा, ओल टिकते. गावाकडं कुणाचा ऊस तुटला असेल तर पोतंभर मागून आणा, कुणी नाही म्हणत नाही.