हृषीकेश, ऋषिकेश आणि गुरुजींचे 'री' अक्षर

इंदूरच्या सुदामा नगरात राहणाऱ्या एका आजोबांनी विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांच्या नातवाचा जन्म ऋषिपंचमीला झाला. चित्रा नक्षत्राचे चौथे चरण आल्यामुळे गुरुजींनी 'री' हे अक्षर सांगितले आणि मुलगा-सुनेने 'ऋषिकेश' हे नाव मनाशी पक्के केले, कारण दिवस ऋषींचा आणि अक्षरही जुळणारे. आजींचे म्हणणे मात्र असे की खरे नाव 'हृषीकेश' आहे, ते संध्येच्या उपासनेत म्हणायच्या नावांत येते, आणि ठेवायचे तर तेच ठेवावे. बारसे तोंडावर आले आहे, नगर निगमाच्या दाखल्यासाठी नाव हिंदीत लिहून द्यायचे आहे, आणि आजोबांनी नात्यागोत्यात चौकशी केली तेव्हा हेच नाव ऋषिकेश, ऋषीकेश, हृषिकेश, हृषीकेश आणि ह्रषिकेश अशा पाच तऱ्हांनी लिहिलेले आढळले. यांतले बरोबर कोणते, आणि 'हृषीकेश' बरोबर असेल तर 'री' अक्षराचे काय करायचे, असे त्यांनी विचारले आहे.

बरोबर रूप 'हृषीकेश' हेच आहे. आजींचे म्हणणे खरे आहे. 'हृषीक' म्हणजे इंद्रिय. हा अर्थ अमरकोशात दिलेला आहे. 'हृषीक' आणि 'ईश' यांचा संधी होऊन 'हृषीकेश' हे रूप होते, जसे 'गण' आणि 'ईश' मिळून 'गणेश' किंवा 'रमा' आणि 'ईश' मिळून 'रमेश'. इंद्रियांचा स्वामी, म्हणजे विष्णू किंवा कृष्ण, असा त्याचा अर्थ. यातला 'क' पहिल्या शब्दाचा आहे आणि 'ईश' दुसऱ्या शब्दाचा. कानाला मात्र शेवटी 'केश' असा स्वतंत्र शब्द ऐकू येतो आणि तेथूनच गोंधळ सुरू होतो. विष्णुसहस्रनामावरील शांकरभाष्यात या नावाची आणखी एक उपपत्ती दिली आहे: सूर्य आणि चंद्र यांचे जगाला आनंद देणारे किरण हेच ज्याचे केश आहेत, तो हृषीकेश. तेथे 'केश' हा शब्द खरोखरच केसांच्या अर्थाने घेतला आहे. पण त्या उपपत्तीतही आरंभीचे अक्षर 'हृ' हेच आहे, कारण हर्ष दाखवणाऱ्या 'हृष्' या धातूवाचून ती उभीच राहत नाही.

याउलट 'ऋषिकेश' या रूपाची फोड केली तर 'ऋषीचे केस' एवढेच हाती लागते. 'ऋषींचा स्वामी' असा अर्थ त्यातून काढण्याची इच्छा पुष्कळांना होते, पण संधी तसा होत नाही. 'मुनी' आणि 'ईश' मिळून 'मुनीश' होते, तसे 'ऋषी' आणि 'ईश' मिळून 'ऋषीश' होईल, त्यात 'क' येण्याचे काहीच कारण नाही. हे लिहिताना एक गोष्ट स्पष्ट करतो. ज्यांचे नाव गेली कित्येक वर्षे 'ऋषिकेश' असे लिहिले जात आहे, त्यांनी ते बदलावे असे मी म्हणणार नाही. माणसाचे नाव एकदा त्याच्या अंगी लागले की ते त्याचेच असते, आणि व्यवहारात ते विष्णूचेच नाव म्हणून ठेवलेले असते. आपण मात्र अजून नाव ठेवलेले नाही आणि अर्थ विचारून ठेवू पाहत आहात, म्हणून फोड करून दाखवली.

मधला 'षी' दीर्घ का, याचा पुरावा छंदात मिळतो आणि तो मला फार आवडतो. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायातला पंधरावा श्लोक 'पाञ्चजन्यं हृषीकेशो देवदत्तं धनञ्जयः' असा सुरू होतो. अनुष्टुभ या छंदाच्या प्रत्येक चरणात आठ अक्षरे असतात, त्यांतले पाचवे लघू आणि सहावे गुरू असावे असा साधारण नियम आहे. पहिला चरण मोजून पाहा: पा, ञ्च, ज, न्यं, हृ, षी, के, शो. पाचवे 'हृ' लघू, सहावे 'षी' गुरू. तेथे 'षि' ऱ्हस्व म्हटले तर चरण लंगडतो. श्लोक तोंडाने म्हणणाऱ्या पिढ्यांच्या जिभेवर हा दीर्घ 'षी' छंदानेच टिकवून ठेवला आहे. गीतेच्याच अकराव्या अध्यायात 'स्थाने हृषीकेश तव प्रकीर्त्या जगत्प्रहृष्यत्यनुरज्यते च' अशी ओळ आहे. तिच्यात 'हृषीकेश' आणि 'प्रहृष्यति' दोन्ही आले आहेत, म्हणजे नाव आणि त्याचा धातू एकाच ओळीत भेटतात. मराठीतही हा धातू आपल्या रोजच्या ओळखीचा आहे: 'हर्ष', 'हृष्टपुष्ट', 'रोमहर्षक'. पहिला 'ष' पोटफोड्या आणि शेवटचा 'श' शेंडीफोड्या हे लक्षात ठेवायला यापेक्षा सोपी खूण नाही: आधी हर्षाचा 'ष', मग ईशाचा 'श'.

'ऋषीकेश' हे रूप मराठीच्या नियमांतही बसत नाही. 'ऋषी' हा शब्द एकटा लिहिताना आपण दीर्घ लिहितो, पण समासाच्या आरंभी मूळ ऱ्हस्व इकार कायम राहतो, आणि म्हणूनच आपल्या नातवाचा जन्मदिवस 'ऋषिपंचमी' असा लिहिला जातो. 'ह्रषिकेश' हा केवळ हाताचा किंवा टंकलेखनाचा दोष आहे. 'हृ' म्हणजे 'ह' ला 'ऋ' हा स्वर जोडलेला, 'हृदय' शब्दातला. 'ह्र' म्हणजे 'ह' आणि 'र' यांचे जोडाक्षर, संस्कृत 'ह्रस्व' शब्दातले. बारीक छपाईत दोन्ही सारखी दिसतात, म्हणून अर्ज भरताना अक्षर मोठे करून पाहावे.

आता मूळ प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. 'हृ' चे 'ऋ' झाले कसे? शब्दाच्या आरंभी 'ह' आणि 'र' एकत्र उच्चारणे जिभेला जड जाते. मराठीने अशा ठिकाणी दोघांची जागा बदलली, 'ह्रास' चे 'ऱ्हास' केले. हिंदीच्या बोलण्यात बहुधा 'ह' गळूनच पडतो आणि 'रिषिकेश' एवढेच उरते. जे कानाला 'रिषि' ऐकू आले, ते लिहिताना हाताला 'ऋषि' हा ओळखीचा, पवित्र शब्द सापडला, आणि अनोळखी 'हृषीक' मागे पडला. न कळणाऱ्या शब्दाला कळणाऱ्या शब्दाचे रूप देण्याची ही लोकांची जुनी रीत आहे. तिला लोकव्युत्पत्ती म्हणतात. गंगाकाठच्या तीर्थाचे नावही याच वाटेने आले. तेथील भरत मंदिरातली मूर्ती हृषीकेश नारायणाची आहे, आणि रैभ्य ऋषींना विष्णूने हृषीकेश रूपात दर्शन दिले अशी तिथली कथा आहे. गावाचे नाव मात्र आज सर्वत्र 'ऋषिकेश' असेच लिहिले जाते. हरिद्वारची यात्रा करून आलेल्या प्रत्येक घराने ती पाटी पाहिलेली असते, आणि डोळ्यांना सवय झालेले रूपच बरोबर वाटू लागते.

इंदुरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, कारण आपल्या कानांवर दोन भाषांचे 'ऋ' एकाच दिवसात पडतात. आजी 'ह्रुषीकेश' म्हणतात, शाळेतल्या बाई 'रिषिकेश' म्हणतील, आणि मूल दोन्हींना ओ देईल. यातला एक उच्चार शुद्ध आणि दुसरा भ्रष्ट असे समजू नये. 'ऋ' हा मुळात स्वर होता; 'ऋटुरषाणां मूर्धा' या वचनात त्याचे उच्चारस्थान सांगितले आहे, आणि तो 'रि' ही नव्हता, 'रु' ही नव्हता. तो स्वर बोलण्यातून गेला तेव्हा हिंदी आणि बंगाली यांनी त्याच्या जागी 'रि' घेतला, मराठी, गुजराती आणि ओडिया यांनी 'रु' घेतला. म्हणूनच बडोद्याच्या मराठी घरातल्या मुलाला हा त्रास कमी होतो. तिथल्या शेजाऱ्यांचा 'ऋ' त्याच्या घरच्या 'ऋ' सारखाच असतो. तद्भव शब्दांत तर फरक याहून स्पष्ट आहे. संस्कृत 'मृत्तिका' पासून मराठीत 'माती' आणि हिंदीत 'मिट्टी', 'पृष्ठ' पासून मराठीत 'पाठ' आणि हिंदीत 'पीठ'. आपण घरात माती म्हणतो आणि राजवाड्याच्या बाजारात गेलो की मिट्टी म्हणतो, त्यात आपल्याला काही विसंगत वाटत नाही. शहराचे नावसुद्धा आपण मराठीत 'इंदूर' आणि हिंदीत 'इंदौर' असे लिहितो. पण शहराला दोन लेखने चालतात, दाखल्यावरच्या माणसाला चालत नाहीत. उच्चार दोन राहू द्यावेत, लेखन एकच असावे.

अर्ज हिंदीत आहे म्हणून रूप बदलण्याची गरज नाही. हा तत्सम शब्द आहे, आणि हिंदीतही त्याचे कोशातले रूप 'हृषीकेश' हेच आहे. रोमन लिपीत लिहिताना आरंभीचे 'एच' सोडू नये, आणि 'आर' च्या पुढे 'आय' लिहायचे की 'यू' याचा निर्णय घरात आधीच करावा. मूल इंदुरात वाढणार असेल तर 'आय' सोयीचे पडेल असे माझे मत आहे, पण 'यू' लिहिले तर ते चूक नव्हे. महाराष्ट्रात तसे लिहिणारे पुष्कळ आहेत. मात्र जे लिहाल तेच दाखल्यावर, शाळेत आणि पुढे पारपत्रावर असावे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मदाखल्यालाच आधार मानले जाते, त्यामुळे या एका कागदावरच्या वेलांटीला पूर्वीपेक्षा अधिक वजन आले आहे. घाई करण्याचेही कारण नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाप्रमाणे नाव नंतर, वर्षभराच्या आत, शुल्काशिवाय नोंदवता येते.

राहिले गुरुजींचे अक्षर. नक्षत्राच्या चरणावरून नावाचे पहिले अक्षर सांगणाऱ्या अवकहडा चक्रात चित्रा नक्षत्राची अक्षरे 'पे, पो, रा, री' आणि स्वातीची 'रू, रे, रो, ता' अशी आहेत. या चक्रात 'ऋ' हे अक्षरच नाही. आपल्याकडे हिंदी उच्चाराप्रमाणे त्याला 'री' मानून चित्राच्या चौथ्या चरणात घालतात. मराठी उच्चाराने पाहिले तर तेच नाव 'रू' होऊन स्वातीच्या पहिल्या चरणात जाईल. रास दोन्हीकडे तूळच राहते, हे खरे, पण चरण उच्चारावर बदलते, आणि 'ऋषिकेश' हे नाव 'री' साठी अगदी अचूक आहे असा आग्रह मग फारसा टिकत नाही. 'हृषीकेश' घेतले तर 'ही' म्हणा की 'हू', रास कर्क येते, ही अडचण मात्र खरी आहे.

तिच्यावर उत्तर परंपरेतच आहे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्याय यांच्या 'धर्मसिंधू' या ग्रंथात नावे चार प्रकारची सांगितली आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. गुरुजींनी दिलेले अक्षर हे नाक्षत्रनामासाठी आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात तर अभिवादनासाठी वेगळे नाव योजावे आणि ते मौंजीपर्यंत आई-वडिलांनाच माहीत असावे, असे म्हटले आहे. हाक मारायचे आणि दाखल्यावर लिहायचे नाव निराळे असू शकते, किंबहुना ते निराळेच असे. त्याच सूत्रात मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे असे सांगितले आहे: प्रतिष्ठेसाठी दोन, ब्रह्मवर्चसासाठी चार. 'ऋषी' दोन अक्षरांचे आहे, 'हृषीकेश' चारांचे.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. पत्रिकेत नाक्षत्रनाम म्हणून 'ऋषी' लिहावे. गुरुजींचे 'री' सांभाळले जाईल आणि मुलगा-सुनेच्या मनातली ऋषिपंचमीची आठवणही राहील. बारशाच्या दिवशी आत्याने कानात सांगायचे आणि दाखल्यावर लिहायचे नाव 'हृषीकेश' असावे. आजींना आणखी एक गोष्ट सांगा, त्यांना आनंद होईल: संध्येतल्या चोवीस नावांत हे नाव दहावे आहे, आणि चैत्रापासून विष्णू, मधुसूदन, त्रिविक्रम अशी जी बारा महिन्यांची बारा नावे लावतात, त्यांत भाद्रपदाचा स्वामी हृषीकेशच आहे. नातू शुद्ध पक्षात जन्मला, म्हणून येथे मराठी आणि हिंदी पंचांगांचे महिनेही एकच येतात. तोच वद्य पक्षात जन्मता तर आपल्या पंचांगात भाद्रपद आणि शेजाऱ्यांच्या पंचांगात क्वार, म्हणजे आश्विन, असा आणखी एक वाद उभा राहिला असता.

लाडाने हाक मारताना आजी 'हृषी' म्हणतील, आई-वडील 'ऋषी' म्हणतील. इंदूरच्या बोलण्यात या दोन हाका जवळजवळ सारख्याच ऐकू येतात, त्यामुळे घरात त्यावरून मतभेद व्हायचे कारण नाही. फक्त नगर निगमाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी तीन ठिकाणी नजर फिरवावी: 'ह' च्या पायात 'ऋ' ची खूण आहे ना, 'षी' ची वेलांटी दीर्घ आहे ना, आणि शेवटचा 'श' शेंडीफोड्याच आहे ना.