सहा रात्रींची मेल : अटलांटिकच्या बोटप्रवासाविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात मी माझ्या १९९८ सालच्या साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क या बोटप्रवासावर दीड पान लिहिले होते. मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात गार्ड म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्यावर, न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाकडे जाताना आम्ही दोघे लंडनपर्यंत विमानाने आणि पुढे ‘क्वीन एलिझाबेथ २’ या बोटीने गेलो, एवढीच ती हकीकत होती. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली आणि संपादकांनी ती उत्तरासाठी माझ्याकडे पाठवली. पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या जावयाने मुंबईहून गोव्यापर्यंत क्रूझ केली. त्यांच्या बोटीवर पोहण्याचे तलाव होते, नाचगाणी होती. आपण ‘लायनर’ असा वेगळा शब्द का वापरता? (पाचोरा)

उत्तर : माझ्यासारख्या रेल्वेवाल्याला हा फरक चटकन कळतो. क्रूझची बोट ही सहलीची खास गाडी असते. हवामान बिघडले तर तिने मार्ग बदलला किंवा एखादे बंदर गाळले तरी फारसे बिघडत नाही. लायनर ही मेल असते. ठरलेल्या दिवशी या काठावरून निघायचे आणि ठरलेल्या दिवशी त्या काठाला लागायचे, मग मधल्या समुद्रात काहीही चाललेले असो, याच अटीवर ती बांधलेली असते. म्हणून तिचे नाक लांब आणि निमुळते असते, पत्रा जाड असतो, जीवरक्षक होड्या लाटांच्या माऱ्यापासून उंच टांगलेल्या असतात आणि पोट पाण्यात खोल गेलेले असते. आमची बोट पाण्याखाली बत्तीस फूट होती. तिची लांबी ९६३ फूट होती, म्हणजे भुसावळच्या फलाटावर जुन्या पद्धतीच्या तेरा डब्यांची गाडी लावली तर जेवढी जागा व्यापेल तेवढी. तिला साडेअठ्ठावीस नॉट वेगाने जाता येई, म्हणजे ताशी सुमारे ५३ किलोमीटर. धुळे–चाळीसगाव रस्त्यावरची एसटी साधारण याच वेगाने जाते, असे मी घरी सांगितले तेव्हा नातवंडांना हसू आले. परंतु एसटीला रात्रंदिवस न थांबता, समोरून येणारा वारा कापत पाच-सहा दिवस जावे लागत नाही, हे लक्षात घ्यावे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. नकाशावर साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्क नैर्ऋत्येला दिसते. मग आपली बोट आधी वर, कॅनडाच्या दिशेने का गेली? (धुळे)

उत्तर : गुरुजी, वर्गातला पृथ्वीचा गोल घ्या आणि दोन्ही शहरांवर बोटे ठेवून दोरा ताणून धरा. दोरा आपोआप उत्तरेकडे फुगून कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या अंगाने जाईल. गोलावरचे सर्वांत जवळचे अंतर तेच आहे. भिंतीवरचा सपाट नकाशा उत्तरेचा प्रदेश ताणून दाखवतो म्हणून ते वळण वाटते. वसंत ऋतूत लॅब्राडॉरचा थंड प्रवाह हिमनग खाली घेऊन येतो आणि त्या दिवसांत बोटी आपला मार्ग दक्षिणेकडे सरकवतात. ‘टायटॅनिक’ १९१२ च्या एप्रिलमध्ये बुडाली ती याच टापूत, आणि त्यानंतर १९१४ पासून तेथे हिमनगांवर आंतरराष्ट्रीय गस्त ठेवली जाते.

आम्ही सप्टेंबरात गेलो, त्यामुळे बर्फ दिसला नाही. धुके मात्र भेटले. लॅब्राडॉरचा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह जेथे एकमेकांना भिडतात, तेथे ते दाटते. धुक्यात चालणाऱ्या जहाजाने जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने लांब भोंगा दिलाच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मी अंथरुणात पडून घड्याळ लावून पाहिले. एकही भोंगा चुकला नाही. आमच्या विभागात धुके विरळाच, तरीही गार्डाच्या पेटीत धुक्यात इशाऱ्यासाठी रुळावर लावायचे फटाके नियमाप्रमाणे नेहमी असत, याची त्या रात्री फार आठवण झाली.

प्रश्न : मी आपल्याच गावचा, लोको शेडमधून निवृत्त झालेला फिटर आहे. आपण इंजिनाविषयी एक ओळही लिहिली नाही. (भुसावळ)

उत्तर : चूक कबूल आहे. प्रवाशांना इंजिनखोलीत जाऊ देत नसत. परंतु बोटीवर एका अधिकाऱ्याचे यंत्रांवर व्याख्यान झाले, त्यात मी पहिल्या रांगेत होतो. ही बोट १९६७ साली स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे पाण्यात उतरली आणि १९६९ च्या मे महिन्यात तिची पहिली फेरी झाली, तेव्हा तिच्यात वाफेची टर्बाइने होती. वाफेचे इंजिन किती खाते, हे आपणा दोघांना कोणी सांगायला नको. १९८६-८७ च्या हिवाळ्यात जर्मनीतील ब्रेमरहाफेन येथे बॉयलर आणि टर्बाइने सगळी बाहेर काढून तिच्यात नऊ डिझेल इंजिने बसवण्यात आली. गंमत अशी की बोट पुढे ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याला ही इंजिने थेट फिरवत नाहीत. ती वीज निर्माण करतात आणि त्या विजेवर दोन मोटरी दोन पंखे फिरवतात. म्हणजे आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचीच रचना, केवळ माप निराळे. आपले इंजिन २,६०० अश्वशक्तीचे. तेथील एकेक मोटर ४४ मेगावॅटची, दोन्ही मिळून जवळजवळ १,१८,००० अश्वशक्ती. डब्ल्यूडीएम-२ ची पंचेचाळीस इंजिने एका गाडीला जोडल्याची कल्पना करा. एवढे करूनही एक गॅलन तेलात बोट सुमारे पन्नास फूट जाते, आणि तेही इंजिने बदलल्यानंतर. पूर्वी छत्तीस फुटांवर समाधान मानावे लागे.

आणखी एक गोष्ट आपल्यालाच सांगण्यासारखी आहे. साउथॅम्प्टनच्या धक्क्यावरून बोट सुटली तेव्हा झटका बसला नाही. मी कठड्याशी उभा राहून ‘ब्रेक केव्हा सुटणार’ याची वाट पाहत होतो आणि धक्क्यावरील माणसेच मागे सरकू लागली आहेत, असे मला वाटले.

प्रश्न : मला जळगाव–औरंगाबाद बसमध्येदेखील गाडी लागते. बोट किती लागते? (चोपडा)

उत्तर : ताई, प्रामाणिकपणे सांगायचे तर ते माणसावर आणि समुद्रावर अवलंबून आहे. मला लागली नाही. आमच्या सौभाग्यवतींना तिसऱ्या दिवशी चांगलीच लागली. बोटीच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली माशाच्या परांसारखी चार पाती असतात आणि ती बोटीचे डावीकडे-उजवीकडे डोलणे बरेच आवरतात. परंतु लाट समोरून आली की नाक वर जाते आणि खाली बसते, त्याला त्या पात्यांचा उपयोग नसतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे खोली घेतानाच विचार करणे. तराजूची पारडी वरखाली होतात, काट्याजवळची दांडी जवळजवळ स्थिर असते. त्याप्रमाणे बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर असलेली खोली सर्वांत कमी हलते. ती स्वस्तही असते, कारण तिला बहुधा खिडकी नसते. आमची तशीच होती.

त्या दिवशी जिन्यांच्या कठड्यांत कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या दिसल्या आणि जेवणघर अर्धे रिकामे होते. वाढपी आमच्या टेबलाशी आला, त्याने पाण्याचा जग उचलला आणि इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर हाताने पाणी शिंपडून तो ओला केला. याच्या हातून काही सांडले असावे असे समजून मी पाय मागे घेतले. मग त्याने टेबलाच्या चारही बाजूंची लाकडी कड बोटभर उंच उभी केली आणि ओल्या कापडावर बशी ठेवली. बोट कलली, पेल्यातील पाणी एका बाजूला गेले, बशी मात्र जागची हलली नाही. सौभाग्यवती खोलीत कोरडी बिस्किटे आणि हिरवी सफरचंदे खाऊन पडून होत्या; बोटीवर हेच पथ्य सांगतात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वतःहून डेकवर आल्या.

प्रश्न : आम्ही माळकरी. खाण्याचे काय? (फैजपूर)

उत्तर : तिकीट काढतानाच शाकाहार लेखी कळवावा आणि पहिल्या संध्याकाळी वाढप्याला पुन्हा सांगावे की मासे आणि अंडी दोन्ही चालत नाहीत, कारण शाकाहाराचा अर्थ प्रत्येक देशात निराळा असतो. आमचे जेवण ‘मॉरिटानिया’ नावाच्या जेवणघरात असे. भात, भाज्यांची करी, डाळ, पाव, फळे मिळत. पोट भरत असे, जीभ मात्र उपाशी राही. मी नेलेली शेंगदाण्याची चटणी चौथ्या दिवशी संपली. कळण्याच्या भाकरीचा विषय मी तेथे काढला नाही, येथेही काढत नाही.

प्रश्न : वादळात असे जहाज बुडण्याची भीती वाटली नाही का? (जळगाव)

उत्तर : निघण्यापूर्वी सर्वांना जीवरक्षक जाकिटे घालून ठरलेल्या जागी उभे करतात, तेव्हा थोडी वाटली. आमच्या प्रवासाच्या तीनच वर्षे आधी, ११ सप्टेंबर १९९५ रोजी, ‘लुइस’ या चक्रीवादळात याच बोटीसमोर सुमारे ९५ फुटांची लाट उभी राहिली होती. कप्तान ज्या पुलावरून जहाज चालवतात त्याच्या उंचीची ती होती, आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरील डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांवर जाऊन आदळणार असे वाटले, असे कप्तानांनी नंतर सांगितले. बोट लाटेवर चढली, पलीकडे उतरली आणि न्यूयॉर्कला पोहोचली. ही हकीकत मला बोटीवर चढल्यानंतर कळली, ते बरे झाले.

प्रश्न : आपल्या आधी किती मराठी स्त्रियांनी असा प्रवास केला असेल? (अमळनेर)

उत्तर : संख्या सांगता येणार नाही, परंतु आनंदीबाई जोशी यांचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, म्हणजे जवळजवळ दोन महिने. पतीही बरोबर नव्हते. त्यानंतर सत्तर वर्षे होण्याच्या आतच, १९५२ साली, ‘युनायटेड स्टेट्स’ या अमेरिकन बोटीने अटलांटिक ३ दिवस १० तास ४० मिनिटांत ओलांडला. १९५८ च्या ऑक्टोबरात जेट विमाने त्याच मार्गावर सुरू झाली आणि बोटींच्या वेगाच्या या शर्यतीत कोणाला रस उरला नाही.

प्रश्न : सहा दिवस चहूकडे पाणी. माणूस करतो काय? (शहादा)

उत्तर : वाचायचे असेल तर ग्रंथालय होते. दुपारी चारला क्वीन्स रूममध्ये पांढरे हातमोजे घातलेले वाढपी चहा देत, रात्री तेथेच जोडप्यांचे नृत्य होई आणि आम्ही दोघे खुर्चीत बसून ते पाहत असू. मला मात्र खरी ओढ लागली ती दुपारी बाराच्या घोषणेची. कप्तान ध्वनिक्षेपकावरून अक्षांश, रेखांश, वारा आणि चोवीस तासांत कापलेले अंतर सांगत, आणि मी ते वहीत उतरवून घेत असे. साडेपाचशे सागरी मैलांच्या आसपास आकडा असे, म्हणजे भुसावळहून मुंबईला जाऊन परत येऊनही थोडे उरेल एवढा.

चोवीस तास म्हटले खरे, पण पश्चिमेकडे जाताना दिवस पंचवीस तासांचा असतो. लंडन आणि न्यूयॉर्क यांच्या वेळेत पाच तासांचा फरक आहे, म्हणून सहा रात्रींपैकी पाच रात्री दोन वाजता घड्याळ एक तास मागे घेतात आणि तशी सूचना संध्याकाळी दाराखालून सरकवलेल्या कागदावर असते. पहिल्या रात्री मी तो कागद वाचला नाही. भुसावळहून हावड्यापर्यंत एकाच वेळेवर गाड्या चालवलेला मी, सकाळी बरोबर आठ वाजता नाश्त्याला गेलो तर दार बंद. आत एक माणूस व्हॅक्यूम क्लीनर फिरवत होता. नोकरीत कधी गाडीला उशीर केला नाही आणि येथे तासभर आधी हजर झालो, म्हणून सौभाग्यवतींनी न्यूयॉर्क येईपर्यंत मला सोडले नाही. परंतु न्यू जर्सीला पोहोचल्यावर पहिल्याच रात्री झोप नीट लागली. परतीच्या विमानप्रवासानंतर मात्र आठवडाभर मी रात्री तीनला जागा होत होतो.

प्रश्न : आज असा प्रवास करता येतो का? माझा भाचा दुबईत नोकरीला आहे. तो म्हणतो की आपली बोट तेथेच आहे. (रावेर)

उत्तर : करता येतो. २००४ पासून ‘क्वीन मेरी २’ ही फ्रान्समध्ये बांधलेली बोट साउथॅम्प्टन आणि न्यूयॉर्कमध्ये ये-जा करते आणि बहुतेक फेऱ्या सात रात्रींच्या असतात. ब्रिटन आणि अमेरिका असे दोन्ही व्हिसा लागतात, आणि ते हातात आल्यावाचून तिकिटाचे पैसे भरू नयेत. जाताना बोट आणि येताना विमान असे केले तर घड्याळाचा लाभ पदरात पडतो. उलट दिशेने दिवस तेवीस तासांचे होतात.

भाचा खरे सांगतो. ‘क्वीन एलिझाबेथ २’ २००८ च्या नोव्हेंबरात सेवेतून निवृत्त होऊन दुबईला गेली, दहाएक वर्षे नुसती उभी राहिली आणि २०१८ पासून तेथील पोर्ट रशीद बंदरात हॉटेल म्हणून चालते. तो केव्हा तेथे गेला तर माझे एक काम करावे. जेवणाच्या टेबलांच्या कडेला हात घालून पाहावे आणि ती बोटभर लाकडी पट्टी अजून वर उचलता येते का, ते पत्राने कळवावे.