कमरेचं बंड कुणाविरुद्ध?

प्रश्न असा आला आहे: ‘क्वीन मेरी २’ या जहाजाने साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला निघालेल्या एका जोडप्याला त्यांच्या सहल कंपनीने मराठी सूचनापत्रक दिलं. त्यात छापलंय, ‘औपचारिक रात्री जेवणास येताना पुरुषांनी टक्सिडो, बो व कमरबंड परिधान करणे अपेक्षित.’ तर ‘फॉर्मल नाइट’साठी ‘औपचारिक रात्र’ हे मराठी बरोबर आहे का? आणि बायकोने पैठणी नेसली तर चालेल का?

‘औपचारिक रात्र’ साफ चूक. मराठीत औपचारिक म्हणजे करायचं म्हणून केलेलं: औपचारिक चौकशी, औपचारिक भेट. जहाजावर त्या रात्री लोक हौसेने नटूनथटून येतात. आपल्याकडे ‘ठेवणीतले कपडे’ असा नेमका शब्दप्रयोग असताना कोशातून औपचारिक उचलून आणायची काय गरज होती? टक्सिडो आणि बो सगळ्यांना माहीत आहेत, ते सोडून देतो.

माझं डोकं फिरलं ते ‘कमरबंड’ने, म्हणजे टक्सिडोबरोबर कमरेला गुंडाळायच्या त्या चुण्यांच्या रुंद पट्ट्याच्या नावाने. रिसेप्शनचे सूट भाड्याने देणाऱ्या दुकानांत हेच, लग्नाच्या फॅशनवर लिहिणाऱ्यांच्या लेखांत हेच. कमरेने बंड पुकारलंय कुणाविरुद्ध? अहो, शब्द कमरबंद आहे. फारसी कमर आणि बंद. इंग्रजांनी तो त्यांच्या सवयीने cummerbund असा लिहिला. अ या स्वरासाठी ते पंजाबात जसा यू घालतात तसा इथेही घातला. द आणि ड यांतला फरक त्यांच्या लिपीत नाहीच. मग आपण तो रोमन लिपीतून परत वाचला आणि इंग्रजी समजून मान तुकवली.

हा शब्द फिरलाय मात्र भरपूर. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६च्या अँग्लो-इंडियन कोशात त्याची जुनी उदाहरणं दिली आहेत. १५५२मध्ये पोर्तुगीज इतिहासकार कास्तान्येदा लिहितो, की गोव्यात आलेल्या गव्हर्नरला सोन्या-रेशमाचं इराणी कापड नजर केलं गेलं, त्याचं नाव ‘कोमारबांदोस’. १६१६मध्ये जपानातल्या इंग्रज वखारीचा रिचर्ड कॉक्स आपल्या रोजनिशीत नोंदवतो, की तिथल्या सात्सुमा प्रांताच्या सरदाराने भांडी, आरसे यांच्याबरोबर ‘कंबरबँड’चेही नमुने आणि भाव मागवले. म्हणजे जहाजावर जेवायला बसण्याच्या कितीतरी आधी कमरबंद जहाजातून माल म्हणून फिरत होता.

इथे शुद्धिवादी मंडळी हमखास उठतात: फारसी कशाला, ‘कटिबंध’ म्हणा! पहिली गोष्ट, ‘कंबर’सुद्धा त्याच फारसी कमरेतून आलेली आहे. कर कटेवर ठेवणं विठोबाला शोभतं. आपण कंबर कसतो आणि महागाईने आपली कंबरच मोडते. दुसरी गोष्ट, फारसी बंद आणि संस्कृत बंध ही सख्खी भावंडं आहेत, त्यात सोवळंओवळं पाळायचं कारण नाही. आणि तिसरी, जिच्यासाठी मी खरं तर हे उत्तर लिहायला घेतलं: कटिबंध हा शब्द आधीच कामाला लागलेला आहे. भूगोलाचं पुस्तक आठवा. उष्ण कटिबंध, समशीतोष्ण कटिबंध, शीत कटिबंध.

याचं स्पष्टीकरण एक विद्वान असं देतात, की विषुववृत्त म्हणजे पृथ्वीची कंबर, म्हणून कटिबंध. ऐकायला गोड, पण मग ध्रुवाजवळच्या पट्ट्याला शीत कटिबंध का म्हणतात? तिथे पृथ्वीची कंबर कुठून आली? तिथे तर एका टोकाला डोकं आणि दुसऱ्या टोकाला पाय! खरी गोम ग्रीकमध्ये आहे. इंग्रजी झोन हा ग्रीक ‘झोने’वरून आला आणि झोने म्हणजे कमरेला बांधायचा पट्टा. ग्रीकांनी पृथ्वीला असे पाच पट्टे बांधले. ज्या कुणी आपल्याकडे झोनला कटिबंध हा शब्द योजला, त्याच्या हाताशी ग्रीक अर्थ सांगणारा कोश असणार, याविषयी माझी खात्री आहे. ‘क्षेत्र’, ‘विभाग’ असे सोपे पर्याय समोर असताना कुणी उगाच कमरेत हात घालत नाही.

आणि आता गंमत पाहा. वेस्टकोटाऐवजी कमरबंद गुंडाळायची चाल इंग्रज साहेबांनी हिंदुस्थानात उचलली ती उकाड्यामुळे, म्हणजे उष्ण कटिबंधामुळे. ब्रिटिश नौदलात तर ‘रेड सी रिग’ नावाचा संध्याकाळचा वेशच झाला: काळी विजार, उघड्या गळ्याचा पांढरा शर्ट, कमरबंद, आणि कोटाला सुट्टी. कर्कवृत्त, म्हणजे उष्ण कटिबंधाची उत्तरेची हद्द, तांबड्या समुद्रालाच छेदून जातं, तेव्हा कोट कोण घालणार? कटिबंधात शिरलं की कमरबंद! क्लबात वाढणाऱ्या बेअरांच्या कमरेलाही तोच पट्टा असे, हे साहेबांना खटकल्याचं ऐकिवात नाही. (जहाजांचा विषय निघालाच आहे, तर ‘पॉश’ म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’, म्हणजे जाताना जहाजाच्या डाव्या आणि येताना उजव्या बाजूची खोली, ही पी अँड ओ या जहाज कंपनीच्या तिकिटांची कथा कृपया मला पाठवू नका. तसा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही.)

कमरबंदाच्या चुण्या वरच्या बाजूला उघडणाऱ्या ठेवायच्या, हे खरं. त्या पावाचा चुरा झेलायला किंवा ऑपेराची तिकिटं खोचायला असतात, ही मात्र सांगोवांगी. कमरबंदाबरोबर वेस्टकोट घालायचा नाही, पट्टाही लावायचा नाही; एका कमरेला एकच बंद पुरे.

हां, पैठणी. खुशाल नेसू द्या. हे जहाज चालवणारी क्यूनार्ड कंपनी या संध्याकाळींना ‘गाला इव्हनिंग’ म्हणते आणि त्या दिवशी आपापल्या देशाचा ठेवणीतला पोशाख तिला चालतो, तेव्हा नवऱ्यालाही बंदगळा घालता येईल. तोही नसेल तर गडद सूट आणि टाय पुरतो. कमरबंद ‘अपेक्षित’ वगैरे पत्रकवाल्यांनी पदरचं घातलं आहे. यातलं काहीच करायचं नसेल तर त्या रात्री ‘किंग्ज कोर्ट’ या बुफेत किंवा ‘गोल्डन लायन’ पबात साध्या कपड्यांत जेवता येतं. पुढच्या आवृत्तीत पत्रकवाल्यांनी निदान ड काढून द घालावा.