टायरॅड्स ४ आलेली थायरॉइडची गाठ: कॅन्सर आहे का हे कळायला पेट सीटी करावा का?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ५२ आहे, सोनोग्राफीत थायरॉइडच्या उजव्या बाजूला १.८ सेंमीची गाठ दिसली आणि रिपोर्टवर टायरॅड्स ४ असं आलंय. ओळखीतले लोक म्हणतात सुई टोचून घेऊ नका, कॅन्सर असेल तर पसरेल, त्यापेक्षा सरळ पेट सीटी करून मोकळे व्हा. आणि तुम्ही व तुमच्या बहिणीनेही सोनोग्राफी करून घ्यावी का, असंही विचारलंय.

पेट आत्ता करू नका. सुईची तपासणी करा, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासतात ती, आणि ती टाळू नका.

मी डॉक्टर नाही. नाशिकला शरणपूर रोडवरच्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये १४ वर्षं रिपोर्ट टाइप करते. अंधाऱ्या खोलीत आमच्या डॉक्टर मॅडम प्रोब फिरवता फिरवता बोलत जातात आणि मी शेजारी बसून लिहीत जाते. तीन वर्षांपूर्वी त्याच टेबलावर, मानेखाली उशी घेऊन, मीही झोपले होते. माझ्याही रिपोर्टवर टायरॅड्स ४ होता, म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

पहिली गोष्ट, हा ४ म्हणजे कॅन्सरची चौथी स्टेज नव्हे. हे आवर्जून सांगते, कारण दिंडोरीकडचे एक दादा बायकोचा रिपोर्ट हातात घेऊन आमच्या काउंटरपाशी भिंतीला टेकून खालीच बसले होते. कोणीतरी त्यांना तसं सांगितलं होतं. टायरॅड्स हा फक्त संशयाचा आकडा आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने २०१७ मध्ये त्याची गुणांची पद्धत ठरवून दिली. गाठ भरीव असेल तर २ गुण, आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा काळपट दिसली तर आणखी २. झाले ४, म्हणजे टायरॅड्स ४. सहा गुणांपर्यंत तोच वर्ग राहतो, सात झाले की ५. या पद्धतीत टायरॅड्स ४ मध्ये कॅन्सर निघण्याची शक्यता साधारण ५ ते २० टक्के धरतात. म्हणजे अशा शंभर गाठींतल्या ऐंशीहून जास्त साध्याच असतात. (कोरियन आणि युरोपियन टायरॅड्स वेगळे आहेत, त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. रिपोर्टवर कोणता वापरलाय ते विचारून घ्या.)

मॅडमचा आवाज कुठे बदलतो ते मला आता कळतं. गाठ आंबोळीसारखी जाळीदार असली की त्या भराभर सांगून पुढे जातात, तसली गाठ बहुतेक निर्धोकच असते. पांढरा ठिपका दिसला की मात्र थांबतात. ठिपक्यामागे धूमकेतूसारखी शेपटी असेल तर तो साठलेला कोलॉइड, म्हणजे थायरॉइडमधला घट्ट द्रव, त्याला शून्य गुण. शेपटी नसलेले, रव्याच्या कणासारखे बारीक ठिपके असतील तर ३ गुण. गाठ आडवी न पसरता उभी वाढलेली असेल, म्हणजे रुंदीपेक्षा खोली जास्त, तर पुन्हा ३. कडा दातेरी असेल तर २. हे सगळं त्या साध्या प्रोबनेच दिसतं, कारण थायरॉइड कातडीखाली लगेचच असते आणि त्या प्रोबच्या लहरी तेवढ्याच खोलीसाठी बनवलेल्या असतात. दोन-तीन मिलिमीटरची गाठसुद्धा त्यात दिसते. मोठं मशीन म्हणजे जास्त बारीक दिसणार, असं आपल्याला वाटतं. थायरॉइडच्या बाबतीत ते खरं नाही.

पेटमध्ये काय होतं ते पाहा. उपाशीपोटी नेतात, साखर तपासतात, किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोजसारखं औषध शिरेतून देतात, तासभर पडून राहायला सांगतात आणि मग स्कॅन काढतात. ज्या पेशी साखर जास्त खातात त्या उजळतात. पण थायरॉइडची साधी गाठही उजळू शकते. हाशिमोटोची सूज असेल, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटली असेल, तर अख्खी ग्रंथीच उजळू शकते. उलट पॅपिलरी कॅन्सर, जो थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त आढळतो, तो पुष्कळदा इतका संथ असतो की पेटवर दिसतच नाही. दुसऱ्याच आजारासाठी केलेल्या पेटमध्ये शंभरातल्या एक-दोघांना थायरॉइडमध्ये असा एखादा ठिपका अचानक सापडतो. त्यातला साधारण तिसरा हिस्साच कॅन्सर निघतो. म्हणजे आईंचा पेट उजळला तरी सुई लागणार, आणि उजळला नाही तरी लागणारच. मग सोनोग्राफी आणि सुईच्या कितीतरी पट पैसे कशासाठी घालवायचे? पेट आता नाशिकमध्येच होतो, त्यासाठी कसारा घाट उतरावा लागत नाही, म्हणूनच लोक तो पटकन सुचवतात असं मला वाटतं.

सीटीचंही असंच. माझी पिंपळगावची जाऊ, तिची गाठ बाहेरूनच दिसायची. कोणी टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी, पाहिलं नाही आणि एका ठिकाणी थेट कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन (स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून देतात ते) देऊन सीटी काढला. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी टीएसएच करायला लावलं तर ते कमी आलं. अशा वेळी टेक्नेशियमचा थायरॉइड स्कॅन करतात, गाठच हार्मोन जास्त बनवते आहे का ते त्यात दिसतं. पण सीटीच्या कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन असतं. ते ग्रंथीत भरलेलं असलं की स्कॅन नीट येत नाही. तिला दीड महिना थांबवलं. घरात द्राक्षांचा खुडा चालू, आणि ही रोज रात्री गळा चाचपत बसायची. शेवटी स्कॅनवर ती हॉट, म्हणजे हार्मोन जास्त बनवणारी गाठ निघाली. तसल्या गाठीत कॅन्सर क्वचितच असतो, तिला सुईसुद्धा लागली नाही. एवढ्याशा रक्ततपासणीने तिचे ते दिवस वाचले असते, याचा मला अजून राग येतो. म्हणून आईंचं टीएसएच झालं नसेल तर उद्याच करून घ्या. सीटी लागतो तो गाठ छातीच्या हाडामागे उतरली असेल किंवा श्वासनलिका दाबत असेल, तेव्हा.

आता सुई. टायरॅड्स ४ ला १.५ सेंमीपासून पुढे सुई सुचवतात, आईंची गाठ १.८ आहे. सोनोग्राफीत बघत बघतच टोचून घ्या. माझ्या वेळी मॅडम म्हणाल्या, "आता आवंढा गिळू नकोस," आणि मी समोरच्या भिंतीवरची गर्भलिंग निदान होत नाही ही पाटी वाचत राहिले. सुई रक्त काढायच्या सुईपेक्षा बारीक असते. तीन वेळा टोचली, प्रत्येक वेळी मुंगी चावल्यागत, मग काचपट्टीवर एक थेंब घेऊन दुसऱ्या पट्टीने पसरवला. पाच-सात मिनिटांत झालं, बर्फ धरून बसले आणि दुपारी कामावर होते. सुईने कॅन्सर पसरतो ही भीती फार जणांना असते, पण थायरॉइडच्या या बारीक सुईने तसं होणं अगदीच विरळा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मात्र आधी सांगा. रिपोर्टवर बेथेस्डाचा १ ते ६ आकडा येईल. १ म्हणजे नमुना अपुरा, पुन्हा टोचावं लागतं, घाबरू नका. २ म्हणजे निर्धोक, माझा तोच आला. ३ आणि ४ अधांतरी, ५ दाट संशय, ६ म्हणजे कॅन्सर.

कॅन्सर निघालाच तर ऑपरेशनच्या आधी मानेच्या दोन्ही बाजूंच्या लसिकाग्रंथींची सोनोग्राफी झालीच पाहिजे. आईंच्या आत्ताच्या रिपोर्टमध्ये त्यांचा उल्लेख नसेल तर सेंटरला विचारा, राहिलं असेल तर करून घ्या. मोठी तंत्रं खरी कामाला येतात ती ऑपरेशननंतर. थायरॉइडची पेशी आयोडीन ओढून घेते, म्हणून काही रुग्णांना किरणोत्सर्गी आयोडीन देऊन सगळं शरीर स्कॅन करतात. उरलेली पेशी मानेत असो की फुप्फुसात, आयोडीन ओढत असेल तर ती दिसते. रक्तातलं थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन, वाढतंय आणि आयोडीनच्या स्कॅनवर मात्र काहीच नाही, अशा वेळी पेट मोलाचा ठरतो.

तुम्हा भावंडांबद्दल. गळ्याला गाठ लागत नसेल, आवाज बसलेला नसेल, लहानपणी मानेला रेडिएशन झालं नसेल, तर सोनोग्राफी करू नका. दक्षिण कोरियात १९९९ पासून कॅन्सर तपासणीची मोहीम चालू झाली आणि तिच्या जोडीने लोक थायरॉइडचीही सोनोग्राफी करून घेऊ लागले. २०११ मध्ये ४०,००० हून जास्त लोकांना थायरॉइडचा कॅन्सर आहे असं सांगितलं गेलं, १९९३ च्या तुलनेत प्रमाण पंधरा पट. मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. ज्या बारीक गाठींनी आयुष्यभर त्रास दिला नसता त्यांच्यासाठी माणसांचे गळे कापले गेले आणि रोजची गोळी मागे लागली.

एक अपवाद लक्षात ठेवा. आईंच्या सुईत मेड्युलरी हा प्रकार निघाला तर तो घराण्यात असू शकतो. तेव्हा आईंची आरईटी जनुकाची तपासणी आधी होईल, आणि त्यात दोष सापडला तर तुमची आणि बहिणीची.